फळ्यावरची खोडलेली ओळ : पुन्हा उघडलेल्या एका पबचं प्रकरण

शनिवारी संध्याकाळी पावणेआठला आम्ही दोघं पबमध्ये शिरलो, तेव्हा बारमागच्या फळ्यावरची पहिली ओळ नुकतीच खोडलेली होती. ब्रिस्केट, म्हणजे धुरावर तासन्‌तास शिजवलेलं जनावराच्या छातीचं मांस, संपलं होतं. त्याखाली रिब्ज (बरगड्या), डुकराच्या खांद्याचं मांस, सॉसेज आणि धुरावर भाजलेला फ्लॉवर एवढं शिल्लक होतं. आमच्या पुढे एक कुटुंब उभं होतं. ते पाऊण तास गाडी चालवून ब्रिस्केटसाठीच आले होते, आणि त्यांचा हिरमोड लपत नव्हता. बारमागच्या बाई त्यांना म्हणाल्या, "आज दोनच तुकडे लावले होते, ते गेले. उद्या दुपारी बाराला आलात तर तुमच्यासाठी बाजूला ठेवते." मग त्यांनी त्यांना रिब्जचा एक छोटा तुकडा चाखायला दिला. कुटुंब थांबलं आणि जेवलं.

ती खोडलेली ओळ पुढच्या दीड वर्षात एकदा नाहीशी झाली. तिच्यासोबत या पबची चव गेली, काही जुनी माणसंही गेली. मग ओळ परत आली. हे सगळं मी जवळून पाहिलं. मी त्या पबपासून चालत सात मिनिटांवर राहते आणि त्याच्या शेकडो छोट्या भागधारकांपैकी एक आहे, त्यामुळे मी तटस्थ नाही. जे बिघडलं त्यात माझाही हात होता, आणि तो भाग मी गाळणार नाही.

बंद दार आणि सहा महिने

गाव उत्तर इंग्लंडमधलं, छोटं. पब दगडी भिंतींचा, आत दोन खोल्या, मागे फरसबंद अंगण, खाली तळघर. मालकी एका मोठ्या पब कंपनीची. चालवणारे भाडेकरू दर दोन-तीन वर्षांनी बदलत. त्यांना भाडं तर द्यावं लागेच, शिवाय बिअरही कंपनी सांगेल ती, कंपनी ठरवेल त्या भावाने घ्यावी लागे. या बंधनाला इथे 'टाय' म्हणतात. शेवटच्या भाडेकरूने चावी परत केली, खिडक्यांवर फळ्या ठोकल्या गेल्या आणि तीन हिवाळे तसेच गेले. डार्ट्सची टीम मोडली. अंत्यविधीनंतर लोक चहा-सँडविचला जमत, ते कुणाकुणाच्या बैठकीत दाटीवाटीने जमू लागले.

आमच्या गावाचं यात काही वेगळं नव्हतं. सुपरमार्केटमधली स्वस्त बिअर, १ जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये पबच्या आत सिगारेट ओढायला आलेली बंदी, वाढती भाडी, ही कारणं सगळीकडे सांगितली जातात आणि ती खरीही आहेत. माझ्या मते मोठं कारण जमीन आहे. पब चालवून जे मिळतं त्यापेक्षा तिथे घरं उभारून जास्त मिळतं, आणि हे गणित मालकाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

गावाच्या हाती एक हत्यार होतं. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने इंग्लंडमधल्या लोकांना एखादी वास्तू 'समाजाच्या मोलाची मालमत्ता' म्हणून कौन्सिलकडे नोंदवायची सोय दिली. नोंद पाच वर्षं टिकते. त्या काळात मालकाने विकायला काढलं तर गावकरी 'आम्हीही बोली लावणार' असं कळवू शकतात, आणि मग साधारण सहा महिने मालकाला दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. मात्र गावालाच विकलं पाहिजे अशी सक्ती त्याच्यावर नसते. कायदा वेळ देतो, पैसे गावाने उभे करायचे. लंडनच्या नन्हेड भागातला 'आयव्ही हाऊस' हा अशी नोंद झालेला पहिला पब, आणि २०१३ मध्ये तिथल्या लोकांनी तो खरोखरच विकत घेतला. आमच्या पहिल्या सभेत त्याचंच उदाहरण कुणीतरी दिलं होतं.

आम्ही कम्युनिटी बेनिफिट सोसायटी, म्हणजे गावाच्या भल्यासाठीची सभासदांची संस्था, नोंदवली आणि तिचे भाग (शेअर) विकले. अशा सोसायटीत एका सभासदाला एकच मत असतं, मग त्याने किमान रक्कम घातलेली असो की दहापट. मुदतीचे शेवटचे आठवडे उरले असताना रक्कम जमली. छप्पर दुरुस्त करण्यात आणखी एक उन्हाळा गेला. मग चालवायला जोडपं शोधलं. तो स्वयंपाकघरांमधून वर आलेला, आगीवरच्या मांसाचं वेड असलेला. तिने, म्हणजे बारमागच्या त्या बाईंनी, वीस वर्षं दुसऱ्या पबांची बिअरची तळघरं सांभाळलेली. म्हणजे वरचं त्याचं, खालचं तिचं.

धूरच का?

जेवणात धुरावर शिजवलेलं मांसच ठेवायचं, यावर सभेत बरीच खळखळ झाली. पबमध्ये मासे-चिप्स, 'पाय' (मांस भरून भाजलेली पेस्ट्री) आणि रविवारी रोस्ट मिळायला हवं, हे टेक्सासचं काय खूळ, असं बऱ्याच जणांना वाटलं. तेव्हा आमच्या नव्या आचाऱ्याने जो हिशेब मांडला तो मला अजून आठवतो.

पबचं स्वयंपाकघर म्हणजे एक खोलगट बोळ होता. मोठी चूल, तळणीचे दोन हौद आणि वर धूर-वाफ ओढणारं मोठं हूड बसवायला जागा नव्हती. वीस पदार्थांचा मेनू ठेवला तर जेवणाच्या गर्दीत निदान तीन आचारी लागतात, आणि गावाकडे आचारी मिळणं हीच सगळ्यात मोठी अडचण. स्मोकर, म्हणजे धुरावर मांस शिजवायची भट्टी, अंगणात उभा राहतो. काम रात्री होतं. एक माणूस आगीपाशी बसतो, मांसाला मीठ-मिरी चोळलेली असते, लाकूड दर पाऊण तासाने टाकायचं. संध्याकाळी गर्दी येते तेव्हा शिजवण्याचं काम उरलेलंच नसतं. कापायचं, वजन करायचं, सोबत लोणच्यातला कांदा, कोबीचं सॅलड आणि पाव ठेवायचा. दोन माणसांत खोलीभर लोक जेवू शकतात. लहान स्वयंपाकघर असलेल्या पबला यापेक्षा सोयीचं जेवण मला तरी माहीत नाही.

आणि धूर इथल्या ताटाला परका नाही. किपर म्हणजे धुरावलेला हेरिंग, स्कॉटलंडच्या आर्ब्रोथची स्मोकी म्हणजे धुरावलेला हॅडॉक मासा, धुरावलेलं बेकन, हे सगळं इथलंच. बिअरचंही तेच. अठराव्या शतकातल्या लंडनच्या पोर्टर या गडद बिअरसाठी लागणारा तपकिरी माल्ट, म्हणजे मोड आणलेलं धान्य, लाकडाच्या आचेवर वाळवला जाई. जर्मनीच्या बाम्बर्ग शहरात बीच लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टची बिअर आजही बनते. ब्रिस्केट तेवढं टेक्सासचं. मध्य टेक्सासमध्ये एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक स्थलांतरितांनी मांसाची दुकानं काढली, आणि तिथल्या धुरावलेल्या मांसातून तिथली बार्बेक्यू परंपरा वाढली.

अडचण शेजाऱ्यांकडून आली, आणि तक्रार रास्त होती. पहिल्या दोन आठवड्यांत अंगणाच्या भिंतीपलीकडच्या घरांत वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागला. डिसेंबर १९५२ च्या लंडनच्या जीवघेण्या धुरक्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला. आजचा कायदा १९९३ चा. आमचं गाव त्यातल्या धूर-नियंत्रण क्षेत्रात मोडत नाही. तरी धुराचा उपद्रव होतोय अशी तक्रार गेली की कौन्सिलच्या पर्यावरण-आरोग्य विभागाचा माणूस येतो. तो आला. दोष लाकडात निघाला. ओक नीट वाळलेला नव्हता. ओलं लाकूड जळताना आधी पाणी उडवतं, आग कोंडते आणि पांढरा दाट धूर निघतो. तो कपड्यांना लागतो आणि मांसालाही कडू करतो. लाकूड कोरडं असेल आणि आगीला हवा मिळत असेल तर धूर निळसर, जेमतेम दिसण्याइतका असतो. त्यानंतर लाकूड ओलाव्याचं माप बघूनच आत घ्यायचं ठरलं, आणि चिमणीही उंच केली. भिंतीपलीकडच्या बाई आता बुधवारी जेवायला येतात.

त्या रविवारचं ताट

शनिवारी आम्ही रिब्ज खाल्ल्या. रविवारी बाराच्या ठोक्याला ब्रिस्केटसाठी परत गेलो.

ब्रिस्केट म्हणजे जनावराच्या छातीचा भाग. चालताना, उभं राहताना बराचसा भार याच स्नायूंवर, म्हणून तो चिवट, कोलॅजन या चिवट तंतूंनी गच्च भरलेला. झटपट भाजला तर दाताखाली तुटत नाही. सव्वाशे अंशांच्या आसपासच्या हवेत बारा-चौदा तास ठेवला की ते कोलॅजन हळूहळू जिलेटिन होतं. मधे एक विचित्र टप्पा येतो. आतलं तापमान पासष्ट ते पंचाहत्तर अंशांच्या दरम्यान कुठेतरी पोचतं आणि तिथेच अडतं. तास, दोन तास, कधी चार. आग तेवढीच असते, पण मांसाच्या पृष्ठभागावरून उडणारं पाणी त्याला थंड करत राहतं, घामाने अंग थंड व्हावं तसं. नवखा माणूस इथे घाबरून आग वाढवतो. जाणता माणूस कागदात गुंडाळतो किंवा नुसती वाट बघतो. मग तापमान परत चढतं आणि पंच्याण्णवच्या जवळपास सळई लोण्यात शिरावी तशी आत जाते. त्यानंतरही लगेच कापायचं नाही. गुंडाळून तास-दोन तास विसावू द्यायचं, म्हणजे कापताना रस फळीवर वाहून जात नाही.

आमच्या ताटात चार काप आले, पेन्सिलीच्या जाडीचे. बाहेर काळी, मिरीची, खरखरीत साल. तिच्या आत करंगळीच्या पेराएवढं गुलाबी वलय. त्याच्या आत करडा-तपकिरी ओलसर भाग. त्या गुलाबी रंगाला पाहून अनेकांना मांस कच्चं वाटतं. तो धुरातल्या नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइडचा मांसातल्या मायोग्लोबिन या लाल रंगद्रव्यावर झालेला परिणाम. रंग सुंदर, पण चव त्यात नसते; चव सालीत आणि चरबीत असते. काप दोन बोटांत धरून उचलला तर तो वाकला, तुटला नाही, आणि किंचित ओढला तेव्हा मात्र सुटला. चरबी तोंडात विरघळली. धूर शेवटी आला, घशाच्या मागच्या बाजूला, चुलीपाशी बसून जेवल्यासारखा. ताटात सॉस नव्हता, मागितल्यावर वाटीत मिळाला. मी तो एकदा लावून बघितला आणि वाटी बाजूला सारली.

फ्लॉवरबद्दल एक वाक्य लिहिलंच पाहिजे: अख्खा गड्डा लोणी लावून दोन तास धुरात ठेवलेला, कडांना जळालेला, मोहरीच्या आंबट सॉससोबत. मांस न खाणाऱ्या माणसासाठी नाइलाज म्हणून ठेवलेला तो पदार्थ नव्हता.

माझ्या नवऱ्याने आधी आयपीए घेतली, म्हणजे खूप हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घातलेली बिअर, आणि तिथे जमलं नाही. मिरीचा तिखटपणा आणि हॉप्सचा कडवटपणा एकमेकांना चढवत नेतात. तिसऱ्या घासाला जीभ थकते. बाईंनी आपणहून पाइंटच्या एक-तृतीयांश मापाचा (पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त) एक छोटा ग्लास पोर्टर आणून ठेवला. भाजक्या माल्टची ती कोको-कॉफीसारखी चव सालीला जाऊन मिळाली आणि जेवण नीट बसलं. इथे बिअर पाइंट, दोन-तृतीयांश, अर्धा आणि एक-तृतीयांश अशा ठरलेल्या मापांतच देता येते; दोन-तृतीयांशाची परवानगी २०११ मध्ये आली. छोट्या ब्रुअरीजची क्राफ्ट बिअर जेवणासोबत चाखायची तर छोटी मापं मोठ्या कामाची.

संध्याकाळी खिडकीपाशी शेजारचे एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ बसत. रोज साडेपाचला येत, अर्धा पाइंट माइल्ड घेत, पेपर वाचत, साडेसहाला जात. माइल्ड म्हणजे गडद रंगाची, हलकी, कमी अल्कोहोलची जुन्या धाटणीची बिअर. जेवण ते कधीच घेत नसत. बाई त्यांना पाहिलं की विचारत, "तुमचं नेहमीचं?" आणि उत्तराची वाट न पाहता हँडपंप ओढत.

बिघाड

पहिल्या वर्षी नाव झालं. गाड्या येऊ लागल्या. आणि शनिवारी साडेसातला खोडलेल्या ओळीवरून कुरबुर सुरू झाली. लांबून आलेल्यांची तर होतीच, आम्हा भागधारकांचीही. मार्चच्या सभेत मी स्वतः उठून म्हणाले होते, "आठ वाजता मुख्य पदार्थ संपलेला असणं पबला परवडणारं नाही." त्याच सभेत हँडपंप तीनाचे सहा करायचं ठरलं, कारण क्राफ्ट बिअरचा पब म्हटल्यावर निवड भरपूर पाहिजे. मी हात वर केला होता.

उन्हाळाभर निभावलं. सप्टेंबरनंतर उतरती कळा लागली, आणि ती आधी फळ्यावर दिसली: फळा आता नेहमी भरलेला. मंगळवारी रात्री नऊलाही ब्रिस्केट. मी मागवलं. काप करडा, कडा कोरड्या, सॉस आधीच ओतलेला. चवीला शिळ्या चरबीची झाक होती. शिजवलेलं मांस थंड होऊन पुन्हा गरम झालं की त्यातल्या चरबीचं ऑक्सिडीकरण झालेलं असतं; जिभेला पुठ्ठ्यासारखी एक चव लागते, ती लपत नाही. खाण्यात धोका नव्हता. गरम ठेवलेलं अन्न ६३ अंशांच्या वर आणि थंड ८ अंशांच्या आत, हे नियम आचारी काटेकोर पाळत होता. नियम पाळूनही अन्न वाईट लागू शकतं.

बिअरचं जास्त वाईट झालं होतं. कास्क म्हणजे हँडपंपाने बिअर ओढायचं पीप; त्यातली बिअर जिवंत असते, तिच्यातलं यीस्ट अजून काम करत असतं. पीप तळघरात येतं, आडवं स्थिर ठेवायचं, वरच्या भोकात मऊ खुंटी ठोकून जादा वायू जाऊ द्यायचा, गाळ बसू द्यायचा, मग कडक खुंटी. यात एक-दोन दिवस जातात. तापमान ११ ते १३ अंश. पण ग्लास भरायला सुरुवात झाली की जितकी बिअर बाहेर जाते तितकी हवा आत येते, आणि मग साधारण तीन दिवस. त्यानंतर बिअर आधी निर्जीव होते, मग आंबते. मांसाला घाई चालत नाही आणि बिअरला उशीर चालत नाही, असं हे दुहेरी काम आहे.

नेहमीचं छोटं पीप, फर्किन, ९ गॅलनचं, म्हणजे ७२ पाइंट. सहा पंपांवर सहा फर्किन. तीन दिवसांत संपवायची तर रोज १४४ पाइंट कास्क बिअर विकली गेली पाहिजे. शनिवारी ते जमायचं. मंगळवारी पबमध्ये पंधरा माणसं असत, त्यातली अर्धी वाइन किंवा केगमधली, म्हणजे बंद पिपातली, थंड बिअर पिणारी. हे गणित कागदावर दोन मिनिटांचं होतं. सभेत आमच्यापैकी कुणीच ते केलं नाही. बाईंनी तेव्हा हळूच म्हटलं होतं, "सहा सांभाळणं जड जाईल." आम्हाला तो कामाचा कंटाळा वाटला. वीस वर्षं तळघरात काढलेल्या माणसाचं आम्ही ऐकलं नाही, याची मला आजही खंत आहे.

ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी खिडकीपाशी बसलेल्या त्या गृहस्थांनी माइल्डचा एक घोट घेतला. ग्लास खाली ठेवला, पेपर वाचून संपवला आणि ग्लास तसाच बारवर आणून ठेवला. काहीही बोलले नाहीत. पुढचे पाच आठवडे ते आले नाहीत. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा म्हणाले, "तिला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. पैसे देऊन आंबट पिणं मात्र होत नाही मला."

इथे मला या प्रकरणाचं मर्म दिसतं. लांबून आलेला गिऱ्हाईक निराश झाला की बोलतो, लिहितो, आणि आम्ही त्याचं ऐकून पब बदलला. रोजचा माणूस निराश झाला की गप्प बसतो आणि यायचा थांबतो. फळ्यावरची खोडलेली ओळ पहिल्याला खुपत होती. ती नाहीशी केली त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. आणि शेवटी पहिल्यानेही मोजली, कारण पाऊण तास गाडी चालवून मिळणारं ब्रिस्केट आता कोरडं होतं.

काय बदललं

नोव्हेंबरमध्ये खास सभा झाली. मी मार्चमधलं माझं बोलणं मागे घेतलं आणि १४४ चा आकडा फळ्यावर लिहिला. वाद झाला, पण आकड्याशी कुणी वाद घातला नाही.

बिअरची अडचण सोडवायला बाईंनी जे सुचवलं ते मला फार आवडलं, कारण त्यात निवडीचा आग्रहही टिकला. केग बंद असतं, वायूच्या दाबावर चालतं, आत हवा जात नाही. उघडलेलं केग आठवडे टिकतं. म्हणून विविधता केगमध्ये ठेवायची: आयपीए, आंबवलेल्या फळांच्या बिअर, दाट स्टाऊट, छोट्या ब्रुअरीजचे नवे प्रयोग. अशा ब्रुअरीज इथे मुबलक आहेत, कारण २००२ पासून छोट्या उत्पादकांना बिअरवरच्या करात मोठी सवलत मिळाली. ताजेपणा कास्कमध्ये: पंप पुन्हा तीन. बिटर (इथली नेहमीची कडवट बिअर) आणि पोर्टर फर्किनमधून. माइल्ड पिनमधून, म्हणजे साडेचार गॅलनच्या, ३६ पाइंटच्या पिपातून. हे पीप ब्रुअरीला परवडत नाही, म्हणून सहसा मिळत नाही. इथल्या एका ब्रुअरीने आठवड्याला एक द्यायचं कबूल केलं. कुणीतरी कास्क ब्रीदर सुचवला होता, ज्यात पिपात हवेऐवजी दाब न देता कार्बन डायऑक्साइड शिरतो. खऱ्या एलसाठी, म्हणजे कास्कमधल्या बिअरसाठी, १९७१ पासून झगडणाऱ्या काम्रा या बिअरप्रेमींच्या संघटनेने त्याला असलेला विरोध २०१८ मध्ये सोडला. माझं मत तो बसवावा असंच होतं. बाईंना नको होता. यावेळी आम्ही त्यांचं ऐकलं.

मांसाचं आचाऱ्याने ठरवलं. ब्रिस्केट शुक्रवार ते रविवार. फळ्यावर सुरुवातीलाच किती ताटं आहेत तो आकडा लिहायचा आणि संध्याकाळभर तो खाली आणत जायचा, म्हणजे दारातून शिरणाऱ्याला पाचव्या मिनिटाला धक्का बसत नाही. आदल्या दिवशी सांगितलं तर बाजूला ठेवायचं. आणि उरलं तर ते उरलेलं म्हणूनच वापरायचं: लगेच थंड करून, चिरून, बुधवारी बिअर आणि कांद्यासोबत पायमध्ये. पायमध्ये ते मांस उत्तम लागतं, कारण रस्सा त्याला लागणारा ओलावा देतो आणि धुराची चव रश्शात उतरते. मंगळवारच्या ब्रिस्केटमध्ये जे मांस आम्ही बिघडवत होतो, ते बुधवारच्या पायमध्ये लोक मागून घेऊ लागले. सूप आणि पाव शेवटपर्यंत मिळेल, उपाशी कुणी परत जाणार नाही, हेही ठरलं.

खिडकीपाशी असलेलं टेबल आगाऊ राखता येणार नाही, हा ठराव मात्र सोसायटीने एकमताने केला. जेवणाऱ्यांच्या आरक्षणात शनिवारी ते टेबल जात असे, आणि ज्यांनी पबचे भाग घेतले त्यांतल्या कित्येकांना अर्धा पाइंट घेऊन बसायला जागा उरत नसे.

शनिवारची विक्री थोडी घटली. फेकून द्यावी लागणारी बिअर जवळजवळ थांबली, म्हणून हिशेब बिघडला नाही. लांबून येणारे काही लोक नाराज झाले. बरेचसे आता आदल्या दिवशी फोन करतात.

परवा रविवारी साडेपाचला मी गेले, तेव्हा ब्रिस्केटच्या ओळीपुढचा आकडा शून्यावर आलेला होता आणि ओळ खोडलेली होती. एक तरुण जोडपं फळ्याकडे बघत रिब्ज की पोर्क ते ठरवत होतं. ते गृहस्थ आत आले, कोट काढून खुर्चीवर टाकला. बाईंनी माइल्डचा पंप ओढला. ग्लास तीन-चतुर्थांश भरला आणि पंपाने फुसफुस केली. त्यांनी ग्लास उजेडासमोर धरला, वास घेतला, बाजूला ओतून दिला आणि पंपावरची नावाची पाटी उलटी फिरवली.

"संपली," त्या म्हणाल्या. "तळ लागलाय, हे तुम्हाला द्यायचं नाही."

"उद्या?"

"नवीन पीप आजच खाली लावलंय. त्याला बसू दे. मंगळवारी."

"मग आज बिटर दे अर्धा," ते म्हणाले, आणि पेपर घेऊन खिडकीकडे वळले. "मंगळवारी येतो."